दामू, तू दिवाळीला गेला नव्हतास

दामू, तुझ्या दहाव्याला शेजारची शेवंता आली होती. ओसरीवर टेकली, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "सुटी गया बिचारा. तसा तो दिवाळीलेच गया व्हता, अक्का. मांगे नुसती कुडी उरेल व्हती."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. दहाव्याला भांडण काढलं तर कावळाही शिवायचा नाही. शेवंताचं मन वाईट नाही, पण न पाहिलेलं ठासून सांगायची तिला खोड आहे, आणि तुला जगात चीड होती ती याच खोडीची. म्हणून जे तिला सांगितलं नाही ते तुला लिहिते. दिवाळीत तुला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. माघापर्यंत तू मधल्या खोलीत खाटेवर पडून होतास. त्या दिवसांत आत दामू होता की नव्हता, एवढाच प्रश्न. हा प्रश्न मला रिकामटेकडेपणी पडलेला नव्हता. तुला बैलगाडीत घालून सुरतेच्या दवाखान्यात न्यायचं की रनाळ्याच्या घरातच राहू द्यायचं, ते त्यावर ठरणार होतं. तुला न विचारता ठरवायचं की विचारून, हेही त्यावरच.

तू कुठल्या शाळेत सायन्स शिकवलंस आणि किती पोरं हाताखालून काढलीस, ते सांगायला गावात पुष्कळ जण आहेत. माझं शिक्षण चौथी, आणि तेही तुझ्यामुळे. तू शाळेत एकटा बसेनास. मास्तरांनी आबांना निरोप धाडला की थोरल्या बहिणीला सोबत बसवा. पोरांच्या शाळेत मुलगी म्हणून मला दाराजवळ जागा दिली. तुझं रडं थांबेपर्यंत मी वाचायला शिकले होते. पुढे लग्न होऊन म्हसावदला गेले तेव्हा सासू म्हणायची, "वाचता येस, पण भाकर गोल येस नही." दोन्ही खरं होतं.

आपलं भांडण सुरू झालं ते मळ्यातल्या विहिरीपासून. मी जन्मले ती पायांकडून. पायाळू. कंबरेत उसण भरली की माणसं माझ्या दारात येऊन पालथी पडायची आणि मी पाठीवर पाय लावायचा. वीज चमकली की आई मला घरात कोंडायची, कारण वीज पायाळूवर पडते म्हणतात. आणि विहीर काढायची असली की माझ्या हातावर नारळ ठेवायचे. मी आखाजीच्या सणाला माहेरी आले होते, तू पुण्याहून शिकून परतला होतास, आणि आबांनी विहिरीचं काढलं. तळहातावर नारळ आडवा, शेंडी बोटांकडे. मी मळाभर हिंडले. उंबराच्या अलीकडे नारळ ताठ उभा राहिला. आबांनी खुंटी ठोकली. तू माझ्या हाताकडे बघत होतास, नारळाकडे नाही.

"अक्का, तुन्हा हात हाली गया."

"मी कोठे हालावा?"

"मंग कोणी हालावा?"

"पाणीनी."

"पाणी इतलं खाल शे. त्याले तुन्हा नारयशी काय लेनंदेनं?"

मग तू आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी माझ्या डोळ्यांना बांधलीस, मला गरागरा फिरवलंस आणि म्हणालास, आता चाल. मी चालले. नारळ पुन्हा उभा राहिला. चिंधी सोडली तर पायाखाली बांधावरचा कातळ! तिथे सुरुंग लावला असता तरी चूळ भरण्यापुरतं पाणी लागलं नसतं. आबा तुझ्यावर उसळले. "देवीनी मस्करी करस का रे, दाम्या? डोया बांधी दिनात तं देवी तरी काय देखी?"

तू उडीच मारलीस. म्हणालास, आबा, लाखातलं बोललात. देवीला पाणी दिसायला अक्काचे डोळे लागतात. उंबर, त्याखालची हिरवी हराळी, मळ्याची सखल बाजू, हे सगळं अक्काच्या डोळ्यांनी पाहिलं, हाताला कळवलं, आणि अक्काला कळवायचं तेवढं राहिलं. आबांना त्यातलं 'लाखातलं' तेवढं पटलं. विहीर उंबराजवळच काढली. पाणी लागलं. आबा जन्मभर म्हणाले, देवी जिंकली. तू म्हणालास, डोळे जिंकले. मी लबाडी केली नव्हती, एवढं मला ठाऊक होतं, आणि ते तू एकट्यानं मानलंस. त्याचं मला फार बरं वाटलं होतं. तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय त्यात.

त्या संध्याकाळी मी कणीक मळत होते. तू चुलीजवळ येऊन बसलास. सायन्सचं काम झालं, म्हणालास. हात हलला, तो डोळ्यांच्या सांगण्यावरून हलला, हे कळलं. पण जिला पाणी ठाऊक होतं ती अक्का, आणि 'मी हात हलवला नाही' असं शपथेवर सांगते ती अक्का, या दोघी एकच का? हे आता नारळ आणि चिंधी घेऊन कळायचं नाही. इथून पुढे तत्त्वज्ञान.

मी म्हटलं, "कणकीला पाणी किती घालायचं ते माझ्या हाताला कळतं. मला विचारशील तर सांगता यायचं नाही. आम्ही दोघी एका घरात नांदतो. भांडत नाही. तू कशाला मध्ये पडतोस?"

तू हसलास. पण पडलास मध्ये, आणि जन्मभर पडलेलाच राहिलास. तुझ्या फळीवर एका अंगाला सायन्सची पुस्तकं, दुसऱ्या अंगाला तत्त्वज्ञानाची. शाळेतले मास्तर तुला अर्धा बुवा म्हणायचे आणि बुवा अर्धा नास्तिक. तू दोघांना चहा पाजायचास. म्हणायचास, तत्त्वज्ञान एकटं सोडलं तर ओसरीवरून उठत नाही, सायन्स एकटं सोडलं तर इतकं भराभर चालतं की कुठे निघालो ते विसरतं. मी म्हटलं, मग लग्न लावून दे दोघांचं. म्हणालास, लग्न झालेलंच आहे अक्का, नांदत नाहीत.

तुझी पेन्शन झाली, तुझी बायको गेली, मीही कपाळ पांढरं करून माहेरी आले, आणि म्हातारपणी आपण पुन्हा एका घरात राहिलो. ती वर्षं चांगली गेली. लोकांना वाटायचं, दोन दुःखी माणसं. आपल्याला दुःख करायला सवड कुठे होती? अंगणात मिरचीची पथारी पसरलेली, आपण देठ खुडत बसलेलो, आणि तू काहीतरी उकरून काढायचास.

"तिखट मिरचीमा नही ऱ्हास, अक्का. जिभमा ऱ्हास."

"मंग आज रातले भाजीमा दुप्पट टाकस. जिभले सांगी ठेव."

"पोपट हिरवी मिरची कुरकुर खास. त्याले कोठे तिखट लागस?"

"मंग पोपटले इचार. माले काब्र इचारस?"

तू वेडावून दाखवलंस. मी माझे हात तुझ्यापुढे धरले. दिवसभर मिरची हाताळून ते धगधगत होते. म्हटलं, हाताला जीभ नाही, तरी हा भाजतो. तिखट मिरचीतच आहे. चार दिवसांनी आंघोळीहून ओल्या अंगानं तसाच आलास आणि म्हणालास, मिरचीत काहीतरी आहे. ते कातडीला भेटलं म्हणजे आग होते. ते काय आहे ते सायन्स आज ना उद्या काढील. पण तिखट लागणं म्हणजे काय, हे ज्याला कधी लागलंच नाही त्याला कुठलं सायन्स सांगणार? मी म्हटलं, आधी अंग पूस. मला ते पटलं नव्हतं आणि अजून पटलेलं नाही. मिरची तिखटच असते. ते भांडण तसंच राहिलं. राहू दे.

एक मात्र तू सांगितलेलं मी विसरले नाही. वर्गात मेलेल्या बेडकाच्या पायाला तार लावली की पाय उडतो, ते तू मला सांगत होतास. मी विचारलं, त्याला दुखलं का रे? तू म्हणालास, बेडूक तिथे नव्हताच, नुसता पाय होता. मी विचारलं, कशावरून? तू मग म्हणालास, "नक्की कशावरूनच नाही, अक्का. तू तरी आत आहेस हे मला कुठे दिसतं? तू बोलतेस, रागावतेस, त्यावरून मी धरून चालतो. आधी जेवढं तपासता येईल तेवढं तपासायचं. तरी शेवटचं एक पाऊल धरूनच चालावं लागतं. ते टाकताना आपण धरून चाललोय हे विसरायचं नाही. तत्त्वज्ञान म्हणतात ते एवढंच."

"एवढंच असेल तर पुस्तकं इतकी जाड कशाला?"

"लिहिणाऱ्यांना बहीण नव्हती."

आता दिवाळीचं. लकवा झाल्याचं कळताच तुझा मुलगा वसंता सुरतेहून आला, बायकोला घेऊन. रेल्वेच्या कचेरीतलं काम टाकून आला, हे लक्षात ठेव. नंदुरबारहून डॉक्टर आला, तुझाच विद्यार्थी. त्यानं तुला नीट तपासलं आणि म्हणाला, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आहे. वाचा बहुतेक परत यायची नाही. समजतं किती, ते सांगता येत नाही. फारसं समजत नसावं. 'नसावं' म्हणाला तो. वसंताच्या कानात शिरेपर्यंत त्याचं 'नाही' झालं. मग एक बुवा आले. ते म्हणाले, शरीराला काय धरून बसता, आत्म्याला काही होत नाही, तो सगळं पाहतो आहे. आणि तुझ्याकडे पाठ करून पोहे खाल्ले. एकाच्या हिशेबानं आत फारसं कोणी उरलं नव्हतं, दुसऱ्याच्या हिशेबानं आत काही बिघडलंच नव्हतं. डॉक्टरला निदान शंका होती. बुवांना तेवढीही नव्हती.

त्या दिवसापासून घर तुझ्या अंगावरून बोलायला लागलं. खाटेच्या या बाजूचा त्या बाजूच्याशी बोलायचा, मधे गाठोडं ठेवल्यासारखा तू. कूस बदलायची तर न सांगता दोघं उचलायचे. वसंता तुझ्या उशाशी उभा राहून मला म्हणाला, "आत्या, आप्पाले सुरतले ली जासु. तठे मोठा दवाखाना शे. आप्पा सोता सायन्सना माणूस. बोलता ऱ्हातात तं हाईच सांगतात."

डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सुरतेला साधनं जास्त आहेत, पण या दुखण्यावर औषध तिथेही नाही. गाडीरस्त्याचे हादरे, पुढे आगगाडी, त्यात काही होऊही शकतं. मी हो म्हणत नाही, नकोही म्हणत नाही. मी वसंताला म्हटलं, "त्यालेच इचार."

"कसं इचारू, आत्या? त्यासले आते काय समजस?"

वसंताचं चुकत होतं असं नाही. बापाला खाटेवर पडू देऊन मुलगा घरी बसला, असं त्याला व्हायला नको होतं. त्यानं सुरतेला तार केली. गाडीत घालायला गवत आणि गोधड्या काढल्या.

त्याच दुपारी शेवंता भेटायला आली. तुझ्या सुनेला विहिरीची गोष्ट सांगत बसली. "ती हिर देवीनी दखाडी. तुन्हा सासरानी सोताना डोयाघाई देखं." आणि तुझा डावा हात गोधडीवरून वर आला, दामू. पंजा बाहेर वळलेला. वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं की 'थांब' म्हणून तू करायचास तस्सा. शेवंता बोलतच होती. तिला दिसला नाही.

मी ओरडले नाही. एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं होत नाही, हे तूच मला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, डावा हात शाबूत आहे. तो हलणारच. त्यात अर्थ आपण घालतो. आणि जवळच्या माणसाला तर अर्थ लगेच दिसतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी जन्मभर हातावर नारळ उभा केलेली बाई. मी म्हटलं, "मग माझे डोळे बांधा."

मग तुझा विद्यार्थी जागा झाला त्याच्यात. त्यानं मला अंगणात घालवलं, म्हणजे माझा चेहरा तुला दिसायला नको. स्वतः तुझ्या उशामागे उभा राहिला. वसंताला पायथ्याशी बसवलं, कानात बोटं घालून. काय बोललं जातंय ते त्यानं ऐकायचं नाही, फक्त हात बघायचा आणि वर आला की मान हलवायची. तुला सांगितलं, सर, चुकीचं असेल तेव्हाच हात उचला. मग एका सुरात बोलायला लागला. पाणी उताराकडे वाहतं. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. दोन आणि दोन चार. लोखंडाचा खिळा पाण्यावर तरंगतो. मी बाहेर तुळशीपाशी उभी होते. आतून नुसता त्याचा आवाज येत होता, निकाल काय ते कळत नव्हतं. तेवढा वेळ मला जड गेला. बाकी दुखण्यात तसा गेला नाही.

डॉक्टर बाहेर आला तो हसत होता आणि नाक पुसत होता. म्हणाला, "चुकीच्या बहुतेक वाक्यांना हात आला. एक-दोनदा आला नाही, ते दमले असतील. खऱ्या वाक्याला मात्र एकदा आला."

"कुठल्या?"

"'दामोदर सर वर्गात कधी रागावत नसत.' हे मी खरं म्हणून घातलं होतं."

मी म्हटलं, "मग ते तुमचं चुकलं, त्याचं नाही." तो म्हणाला, "ते मी मागल्या बाकावर बसायचो, अक्का. राग माझ्यापर्यंत पोचत नसे." मग गंभीर झाला. म्हणाला, शंभर टक्के सांगता येणार नाही. पण बहुतेक आहेत. आधी 'नसावं' म्हणाला होता, आता 'बहुतेक आहेत'. दोन्ही वेळा जेवढं दिसलं तेवढंच बोलला. तू चांगलं शिकवलंस त्याला. उरलेलं पाऊल मी धरून चालले, आणि धरून चालले हे विसरले नाही.

वसंता कानातली बोटं काढून तसाच पायथ्याशी बसून होता. मग पुढे सरकला. तुझ्याशी बोलायचं म्हणून त्यानं टोपी सारखी केली. कितीतरी दिवसांनी तो तुझ्या तोंडाकडे बघून बोलत होता.

"आप्पा, तुमले सुरतले जावानं शे."

हात वर आला.

मला वाटलं, झालं. पण तो तुझा मुलगा. त्यानं वाक्य उलटं केलं. "आप्पा, तुमले आठेच ऱ्हावानं शे." हात गोधडीवर निवांत पडून राहिला. संध्याकाळी त्यानं पुन्हा दोन्ही विचारलं, सकाळी उठून पुन्हा. तेच उत्तर. मग तो गोठ्याकडे गेला. परत आला आणि गोधड्यांची घडी घालायला बसला. मी त्याला भाकरी वाढली, त्यानं पोटभर खाल्ली.

त्यानंतरचं घर तुला ठाऊक आहे, तू होतास. कूस बदलायच्या आधी तुला सांगायचे. सूनबाई भाजी काय करू म्हणून मुद्दाम तुला न आवडणारी नावं घ्यायची आणि हात वर आला की हसायची. गिलक्याला तू दरवेळी हात उचललास. डॉक्टर आला की पाच मिनिटं चुकीचं सायन्स सांगायचा. शेवंताला कोणी काही समजावलं नाही, तिला समजलंही नसतं. तू पडून होतास, दुखत होतं, दिवस ओढत होतास. तरी मी सांगेन की ते दिवस वाईट नव्हते. माणूस घरात असला की घर कामाला लागतं.

एक गोष्ट मी विचारायची ठेवली होती. इतकी वर्षं आपण मन कुठे असतं, मेल्यावर काही उरतं का, यावर भांडलो. तू सायन्सकडून बोलायचास, तत्त्वज्ञानाकडून बोलायचास. तुझ्याकडून तू कधी बोलला नाहीस, आणि मीही विचारलं नाही. आपल्यात ती रीत नव्हती. माघ लागला होता. वसंता मळ्यात गेलेला, सूनबाई पाण्याला. ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. मी खाटेशी बसले. तुला विचारता येत नव्हतं, नुसतं सांगता येत होतं. म्हणून सांगितलं.

"दामू, तुले भीती वाटस."

हात लगेच आला नाही. मी उठणार होते. मग आला. हळू आला, पण नेहमीपेक्षा वर आला, आणि वरच राहिला. दमला तरी खाली येईना. शेवटी मीच तो धरून गोधडीवर ठेवला आणि थोडा वेळ धरून बसले.

त्या आठवड्यात तू गेलास, सकाळी, आपल्या घरात, वसंताच्या मांडीवर.

तो हात खरं सांगत होता, की म्हाताऱ्या बहिणीला बरं वाटावं म्हणून खोटं, ते मला कळलेलं नाही. तपासायला आता तू नाहीस, आणि तुझ्या जाड पुस्तकांत ते असेल असं वाटत नाही. मी दोन्ही धरून पाहिलं. खरं असेल तर तू निर्धास्त गेलास. खोटं असेल तर मला खोटं सांगायलाही आत कोणीतरी असावं लागतं, दामू.